एरंडेलाने धरलेल्या रिंगा

अश्विन वद्य सप्तमी, सन १९४६. सकाळी आठ. पाथर्डी, आमच्या घरामागचे अंगण.

हजर: मी, देवी टोचणारा सरकारी नोकर, वय चव्वेचाळीस. माझी पत्नी. पिठाच्या गिरणीचे इंजिन चालवणारे मिस्त्री. ऊसतोड टोळीचा एक मुकादम. आणि बाभळीला टेकवून उभी केलेली माझी मोटारसायकल, वय सोळा, पण त्या अंगणात सर्वांत म्हातारी तीच. साहेब दुपारी आले, म्हणून त्यांना हजेरीत धरलेले नाही.

मी याद्या करतो. बाजाराच्या, कामाच्या, घरातल्या दुरुस्तीच्या. मोटारसायकलीची तर स्वतंत्र वही आहे. लोक हसतात. त्यांना हसू द्यावे, वही आपली चालू ठेवावी.

त्या सकाळी काय अडले होते ते आधी सांगतो. आमचे काम थंडीतले. लस उन्हाने मरते, म्हणून टोचणी दसऱ्यानंतर सुरू होते आणि होळीच्या सुमारास थांबते. तालुक्याच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत सात वाड्या आहेत, आणि त्या नेमक्या याच महिन्यांत ओस असतात. दिवाळी झाली की तिथली माणसे बैलगाड्या जुंपतात, पोरेबाळे, भांडी, कोंबड्या गाडीत घालतात आणि साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. परत येतात ती चैत्रात, लस संपल्यावर. म्हणजे दसरा ते भाऊबीज, एवढेच दिवस हातात. माझ्या आधीच्या माणसाने त्या मुलांच्या नावांपुढे दरवर्षी एकच शब्द लिहिला होता: स्थलांतरित. पहिली दोन वर्षे मीही लिहिला. मग त्या वर्षीच्या चैत्रात पाच वर्षांची एक मुलगी कारखान्यावरून परत आली ती देवीत दोन्ही डोळे घालवून. मी तिचे नाव वहीत शोधले. पुढे तो शब्द होता, माझ्याच अक्षरात, शाई न फुटलेली, ओळ सरळ.

त्या हंगामात तो शब्द लिहायचा नाही असे मी ठरवले होते. लस टपालाने आली होती, ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवली होती. आणि आदल्या दिवशी मोहट्याच्या चढाला मोटारसायकल हरली. तिथून ती मी ढकलत आणली.

वहीत लक्षणे लिहून मिस्त्रींसमोर धरली. किक हलकी लागते, पाय पाण्यात टाकल्यासारखा खाली जातो. चढ ओढत नाही. मूठ पिळली की मागे निळा धूर. तेल पिते. प्लग ओला आणि काळा. ठोका मात्र नाही.

मिस्त्रींनी वही वाचली नाही. युद्धाच्या काळात ते नगरला लष्कराच्या कारखान्यात रणगाडे उघडायचे. कागदावरून त्यांचा विश्वास तिथेच उडाला असे ते सांगत. त्यांनी प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि मला किक मारायला सांगितली.

"फुंकरसुद्धा नाही. डॉक्टर, गाडीला दमा झालाय."

मी डॉक्टर नाही. पण देवी टोचणाऱ्याला आमच्याकडे सगळे देवी डॉक्टर म्हणतात.

मग त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडले, चाक थोडे पुढेमागे केले आणि पुन्हा अंगठा ठेवला. मी किक मारली. अंगठा फटकन उडाला.

"बघितलंत? व्हॉल्व्ह गळत असता तर तेल घालून काय फरक पडला असता? तेल पिस्टनच्या रिंगांच्या कडेला बसलं, दम परत आला. म्हणजे वारा रिंगांवरून खाली पळतोय. ब्लॉक गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. पिस्टन ज्यात चालतो तो ब्लॉक आतून घासून चौडा झाला. तो कातून मोठा करायचा, त्यात मोठा पिस्टन घालायचा. काम मुंबईचं. महिना धरा."

मुकादम इतका वेळ उकिडवा बसून तंबाखू मळत होता. सात वाड्यांतली सर्वांत लांबची वाडी त्याची. आम्ही केव्हा येणार हे विचारायला तो पायी आला होता.

"म्हैना?" तो म्हणाला. "म्हैन्यानं आमी तिकडं मोळ्या बांधत आसू. मिस्त्री, तुमी दवा सांगताय का तेराव्याची तयारी?"

"तू ऊस तोड. इंजिनात तोंड घालू नको."

"तोंड कुटं घालतोय, उगं इचारतोय. देवी डॉक्टर, बैलगाडीनं या की."

"जायला एक दिवस, यायला एक दिवस," मी म्हणालो. "आणि वाड्या सात. मोटारसायकलीवर रोज एक होते. गाडीनं चौदा दिवस लागतील. तुम्ही दहा दिवसांनी निघणार."

"मला गनित येत न्हाई, पर व्हनार न्हाई येवढं कळतंय." तो उठला. "आमची वाडी शेवटाला धरा. भाऊबीजंपातूर आमी हालत न्हाई. लई लांबनं यायचं हाय तुमाला, तवर थांबतो. जबान हाय माजी."

मी ते लिहून घेतले.

साहेब दुपारी मोटारीतून आले. आमच्या खात्याचे, नगरचे. त्यांनी खाटेवर बसून पाणी घेतले आणि पिशवीतून एक जाड, छापील फॉर्म काढला. सातही वाड्यांची नावे त्यावर आधीच टंकलेली होती.

"यांच्यापुढं स्थलांतरित लिहा आणि सही करा. आजच घेऊन जातो."

"साहेब, अजून कोणी गेलेलं नाही. सगळे घरी आहेत."

"आठ-दहा दिवसांत जातीलच. आधी लिहिलं म्हणून काय बिघडलं?"

"मागच्या वर्षी एका मुलीचे डोळे बिघडले."

त्यांनी फॉर्म मांडीवर ठेवला. वाईट माणूस नव्हता. अंगणात मोटारसायकल होती तिकडे त्यांनी पाहिले. "या भंगाराच्या जिवावर तुम्ही सात वाड्या करणार? हिच्या धुरानंच माणसं पळतील. इतकी वर्षं हा फॉर्म असाच येतो. तुम्ही एकटे शहाणे निघालात."

"भंगार नाही, आजारी आहे. आणि मी सही करणार नाही."

"करणार नाही?"

"नाही."

आत भांडे आपटल्याचा आवाज झाला. बायको ऐकत होती. साहेबांनी फॉर्म खाटेवर ठेवला. "दिवाळीनंतर हा मला भरून हवा. नाहीतर मग लेखी खुलासा द्या." ते गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "नोकरी गेली तर माझ्या भावाच्या दुकानात पुड्या बांधाल का? तुमचं अक्षर चांगलं आहे, पुड्यांवर नावं छान दिसतील."

"इतक्यात नाही जात."

"मग ती गाडी चालू करा. नुसतं नाही म्हणून काय उपयोग?"

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, मी इंजिन उघडले नाही. मिस्त्रींचे निदान घेऊन सर्व्हिसच्या मोटारीने नगरला पिस्टन शोधायला गेलो. चार दुकाने फिरलो. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर नेऊन विचारले, "घासलाय किती?"

"बराच असावा."

"असावा? मोजला नाही?"

"अजून उघडलेलं नाही."

"न उघडता पिस्टन विकत घ्यायला आलात? धंदा काय तुमचा?"

"देवी टोचतो."

"दंड बघून टोचता, की सदऱ्यावरूनच?"

दुकानात दोन गिऱ्हाइके होती. दोघेही हसले. मी रिकाम्या हाताने परत आलो. सबंध रस्ताभर त्या दुकानदाराला देण्याजोगे उत्तर शोधत होतो, आणि करंजीपर्यंत येताना लक्षात आले की तो बरोबर आहे. दिवस मात्र गेला होता. त्याची किंमत शेवटी कळेल.

नवमीला सकाळी इंजिन उघडले. मिस्त्री नाखूश होते. "उघडून काय बघायचं? घाव कळला, जखम कळली." पण हात चालवू लागले. टाकी उतरवली, हेडचे, म्हणजे इंजिनाच्या झाकणाचे, नट आडव्या जोड्यांनी थोडे थोडे सैल केले, हेड वर आले. आत सगळे काळे. पिस्टनच्या डोक्यावर काजळीची खरपुडी, भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला बारीक खड्डे. मग ब्लॉक सरळ वर उचलला. पिस्टन डोलायला लागला तसा मी त्याखाली फडके धरले.

घासल्याची खूण ब्लॉकच्या वरच्या टोकाला कळते. रिंगा जिथपर्यंत येतात तिथपर्यंत भिंत झिजते, वर कोरी राहते, आणि मध्ये पायरी पडते. मी नख फिरवले. नख अडकले, पण जेमतेम. मिस्त्रींनी फिरवले. पुन्हा फिरवले. मग नख फडक्याला पुसले.

"ब्लॉक ठीक आहे," मी म्हणालो.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग दम कुठं जातोय?"

पिस्टन पुसल्यावर ते दिसले. तिन्ही रिंगा आपापल्या खाचांत गच्च बसल्या होत्या. रिंग नखाने दाबली की आत जावी आणि सोडली की बाहेर उसळावी. या हलेनात. वरून तपकिरी, चकचकीत थर होता, कोणी रोगण लावल्यासारखा. रिंगा पसरत नव्हत्या, म्हणून वारा पळत होता, तेल वर चढत होते, धूर निळा होत होता. सगळी लक्षणे खरी होती. रोग मात्र निराळा होता.

पिस्टन रॉकेलच्या परातीत बुडवून ठेवला. दोन तास झाले. थर जसाच्या तसा. मिस्त्री म्हणाले, रॉकेलने न निघणारी घाण त्यांनी जन्मात पाहिली नाही.

बायको चहा घेऊन आली. परातीत वाकून पाहिले, पिस्टन उचलला, बोट फिरवले, हुंगले. "हे एरंडेल आहे."

"काहीतरीच," मिस्त्री म्हणाले.

"काहीतरीच काय? बाळंतिणीच्या खोलीत एरंडेलाचा दिवा चाळीस दिवस जळतो. त्याच्या काठाला हेच बसतं. राख घ्या, चिंच घ्या, निघत नाही. मी पाच बाळंतपणांचे दिवे खरवडलेत, मला सांगू नका."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी आत जाऊन वही आणली. पान सापडायला वेळ लागला नाही. याद्या याचसाठी असतात. भाद्रपद शुद्ध पंचमी: इंजिनाचे तेल नगरलाही नाही. निम्मे जुने तेल होते, त्यावर एरंडेल भरले. मिस्त्रींच्या सल्ल्याने. आणि खाली, बारा दिवसांनी, माझ्याच हातची नोंद: निळा धूर प्रथम दिसला.

दोन्ही नोंदी एकाच पानावर होत्या. मी त्या एकत्र कधी वाचल्या नव्हत्या.

"निम्म्यावर भरलंत?" मिस्त्री ओरडले. "एरंडेल चालतं, मी सांगितलं. विमानात घालतात. पण आधीचं सगळं काढून, धुऊन! दोन्ही एकत्र कालवलंत तर चिकी होते चिकी!"

"धुवायचं तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं. याद्या करता ना?"

"दोघं भांडा," बायको म्हणाली, "तोवर मी दिवे खरवडायचा चाकू आणते."

चाकू मी लावू दिला नाही. पिस्टनचा धातू मऊ असतो. पण तिच्या बोलण्याने मला दुसरे आठवले. दवाखान्यात एरंडेलाच्या बाटल्या आम्ही स्पिरिटने धुतो. रॉकेलमध्ये जे विरघळत नाही ते स्पिरिटमध्ये सुटते. माझ्याकडे हंगामाचे स्पिरिट होते, टोचायची सुई निर्जंतुक करण्यासाठी, सरकारी, मोजून मिळालेले.

"ते वापरलंत तर सुईचं काय?" तिने विचारले.

"सुई उकळीन. चूल प्रत्येक वाडीत आहे."

चार औंस ओतले. आणि साठ्याच्या वहीत लपवाछपवी न करता लिहिले: स्पिरिट चार औंस, मोटारसायकलीच्या रिंगा सोडवण्यासाठी. ज्याला विचारायचे त्याने विचारावे.

संध्याकाळपर्यंत थर मऊ झाला. बांबूची पातळ कामटी घेऊन आम्ही रिंगांच्या कडा सोडवत बसलो. वरची सुटली. मधली सुटली. खालची, तेल खरवडणारी, सुटता सुटता कट् करून तुटली. मिस्त्रींनी तुकडा तळहातावर घेतला. "ही नसली तरी चालेल. तेल जास्त पिईल. डबा बरोबर ठेवा." उरलेल्या दोन ब्लॉकमध्ये सरकवून रिंगेच्या दोन टोकांमधली फट पाहिली. पत्र्याच्या पट्टीने मोजता वरच्या रिंगेची फट जास्त निघाली, म्हणून अदलाबदल करून कमी झिजलेली वर घातली.

दशमीला व्हॉल्व्ह. घासायची पेस्ट नव्हती. धार लावणाऱ्याकडून कुरुंदाची बारीक पूड आणली, तेलात कालवली, व्हॉल्व्हच्या कडेला लावली, आणि दांडीला लाकडी मूठ बसवून ती दोन तळव्यांत फिरवायची, इकडून तिकडे, मध्ये उचलून पुन्हा टेकवायची. मी फिरवली. मिस्त्रींनी फिरवली. बायको दारातून पाहत होती.

"ताक घुसळता येत नाही कोणाला या घरात," ती म्हणाली आणि पदर खोचून बसली. तिच्या हातात मूठ रवीसारखी फिरू लागली, एका लयीत, न थांबता. अर्ध्या तासात कडेवर सबंध करडे कडे उमटले, कुठे तुटलेले नाही. वरून रॉकेल ओतून पाहिले. खाली थेंब आला नाही.

"वहिनी, गिरणीवर या," मिस्त्री म्हणाले. "नोकरी देतो."

"यांची गेली की सांगते."

हेडच्या सांध्यात बसणारे तांब्याचे गॅस्केट चुलीत लाल करून पाण्यात टाकले, मऊ झाले. ब्लॉकच्या बुडाला मात्र कागदाचे गॅस्केट लागते, जाड आणि एकसारख्या पोताचे. पुठ्ठे फार जाड होते, वहीची पाने फार पातळ. घरात तसा कागद एकच होता. मी तो खाटेवरून उचलला, ब्लॉकखाली धरून पेन्सिलीने कड काढली आणि कात्रीने कापला. मिस्त्रींनी छापील अक्षरे वाचली नाहीत. बायकोने वाचली. तिने तेलाची वाटी पुढे केली, कागद भिजवायला.

तेल पूर्ण काढले, धुतले, नवे एकाच जातीचे भरले. तोवर ते बाजारात आले होते. तिसऱ्या किकला इंजिन लागले. किक जड होती. पायाला तो जडपणा लागला तेव्हा जो आनंद झाला तो मी लिहून ठेवलेला नाही. मिस्त्रींनी कान लावला. "दमा गेला. खोकला राहिला. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची नळी सैल आहे, कधीतरी बघू."

एकादशीपासून रोज एक वाडी. पहाटे निघायचे, दुपारपर्यंत टोचायचे, सुई उकळत ठेवायची, लसीचे मडके मागे गोणपाटात बांधलेले. नरकचतुर्दशीला बायकोने अंधारात उठवून तेल लावले, "आधी तुम्हाला, मग गाडीला," म्हणत. चढ गाडी ओढत होती. धूर थोडा होता, त्या तुटलेल्या रिंगेचा. वाड्यांत पोरे धुरामागे पळायची आणि मी थांबून पिशवी काढली की उलट दिशेने पळायची. त्यांना पकडायला त्यांच्या आयाच पुरेशा होत्या. "ये भाड्या, डोळं घालवायचंत का?" असे एक बाई आपल्या मुलाला म्हणाली. त्याच वाडीत डोळे गेलेली ती मुलगी राहत होती. तीही आली, आवाजाच्या दिशेने, आणि मोटारसायकलीच्या गरम ब्लॉकपासून वीतभर अंतरावर हात धरून उभी राहिली. तिच्या धाकट्या भावाला मी टोचले.

पाडव्याला सहावी वाडी झाली. सातवी भाऊबीजेला सकाळी. मुकादमाची.

पोचलो तेव्हा गाड्या भरत होत्या, पण दोन कमी होत्या. राखणीला राहणारा एक म्हातारा पुढे आला.

"मुकादम गेला वं. काल दुपारी."

"भाऊबीजेपर्यंत थांबतो म्हणाला होता."

"थांबलाच हुता. कारखान्याचा मानूस आला, म्हनला दोन गाड्या आजच पायजेत, पाडव्याचा मुहूर्त हाय, न्हाईतर काम दुसऱ्या टोळीला देतो. लई भांडला त्येच्याशी. वाटंकडं बघत हुता सकाळधरनं. मंग गेला. चार पोरं हायेत त्या गाड्यांत. तुमाला सांगाया सांगितलंय, चार, इसरू नका म्हनला."

पाडव्याला सकाळी मी तिथे असायला हवा होतो. अष्टमीचा दिवस नगरच्या दुकानांत घालवला नसता तर सातवी वाडी पाडव्याची होती. मी तिथेच दगडावर बसून दिवस मोजले, आणि मोजून झाल्यावर त्या चौघांची नावे म्हाताऱ्याकडून लिहून घेतली आणि उरलेल्या पोरांना टोचले.

साहेबांना फॉर्म गेला नाही. सात वाड्यांची यादी गेली, नावांसह, आणि लेखी खुलासा गेला: फॉर्म इंजिनाच्या कामी आला. नोकरी राहिली. कशी, ते मला अजून माहीत नाही.

त्या चार पोरांसाठी मार्गशीर्षात मी कारखान्याच्या तळावर जाऊन आलो. टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली होती. चैत्रात त्या दोन गाड्या वाडीला परत आल्या नाहीत. तिकडेच कुठे मळ्यावर राहिले असे कोणी सांगितले, कोणी आणखी काही. तेल खरवडणारी रिंग पुढच्या वर्षी मिळाली, घातली. व्हॉल्व्हची नळीही बदलली. दोन्ही कामांवर रेघ मारली.

दर दसऱ्याला मी नवी वही करतो आणि जुनीतले जे उरले ते तिच्या पहिल्या पानावर उतरवतो. यंदा तीन वर्षे झाली. पहिल्या पानावर एकच ओळ आली आहे. चार नावे, तीन मुली, एक मुलगा, मुकादमाच्या गाड्यांतली. पुढे लिहिले आहे: टोचणे बाकी.